वैशाखातली भाजी

देवगाव रंगारी

चि. भाचीस,


चर्चमागची पडीक जागा साफ करून तिथं गरजूंसाठी भाजी लावायला पाळकसाहेबांनी होकार दिला, हे वाचून फार आनंद झाला. पहिल्यांदा काय लावू, असं तू विचारलंस. बियाण्याच्या दुकानात जाण्याआधी गावात फिर. कोणत्या महिन्यात कुणाच्या घरी कालवणाला काही नसतं, ते आधी समजून घे.

आपल्या कन्नड तालुक्यातून दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. मागं म्हातारी माणसं उरतात, कधी नातवंडंही. पण थंडीत मेथी-पालक सगळीकडे पिकतं, बाजारात जुडीला भाव नसतो. खरी ओढाताण होते ती शिमगा उलटल्यावर. भाजी महागते, हाताला काम नसतं आणि आपली काळी जमीन भेगाळते. तुझी बाग त्या महिन्यांसाठी असू दे. गवार, चवळी, भेंडी, तांदुळजा ऊन सोसतात. माघाच्या अखेरीला भेंडी टोकलीस तर दीड-दोन महिन्यांत तोडा सुरू होतो. वाफ्यावर उसाचं पाचट अंथर, ओल टिकते. चवळीच्या काही शेंगा वेलावरच वाळू दे. आषाढात घरातलं धान्य सरत येतं, तेव्हा ते दाणे कामी येतील.

हे सगळं पाण्यावर अडतं, आणि म्हणून मला पंडिता रमाबाईंचं केडगाव आठवतं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. उपासमार त्यांनी स्वतःच्या पोटात सोसली होती. पुढं पुण्यातल्या आपल्या शारदा सदनाला, विधवांच्या त्या शाळेला, उत्पन्नाचा आधार व्हावा म्हणून त्यांनी केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या, आणि पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यानं त्याच माळावर त्यांची सोय केली. तिथंच मुक्ती सदन वाढलं. १९०० च्या आसपास तिथं दोन हजारांच्या घरात माणसं जेवत होती. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचा तो भाग कोरडा. रमाबाईंनी तिथं विहिरी खोदून घेतल्या, म्हणून एवढ्या पोटांचं निभावलं. आणि त्या मुली नुसत्या पंगतीला बसणाऱ्या नव्हत्या. शेतात राबत, दळत, रांधत, विणत. आपण पिकवलेलं आपणच खातो, ही ताठ मान मला त्या सगळ्या कामात मोठी वाटते.

तुझ्याकडेही ज्यांना भाजी जाईल त्यांच्यातल्या बायकांना खुरपायला, तोडायला बोलाव. काय लावायचं हेही त्यांनाच ठरवू दे. त्यांना वांगं हवं असेल तर आपल्या हौसेची कोबी लावू नये. पण काम केलं तरच भाजी, असा नियम कधीही करू नकोस. ज्या म्हातारीला उठवत नाही, तिची भाजी संडे स्कूलच्या मुलांनी घरी पोचवावी. आणि नुसती भाजी देऊन भागत नाही. फोडणीला तेल नसेल तर ती शिजणार कशी? अधूनमधून तेल, डाळ द्यायची तरतूद चर्चच्या कमिटीकडून करून घे.

देताना फोटो काढायचे नाहीत. जात-धर्म विचारायचा नाही, उपासनेला येता का हेही नाही. किडकी वांगी गुरांना घाल, टोपलीत चांगलीच जाऊ देत. बहात्तरच्या दुष्काळात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी खाल्लेली माणसं अजून आहेत. मिळेल ते गोड मानून घ्यावं लागणं काय असतं, ते त्यांना विचार.

रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, ती गोष्ट तू मुलांना शिकवतेस. लेवीयात तर शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडायलाच सांगितलं आहे. तसंच तुमच्या कुंपणाच्या कडेनं, रस्त्याच्या अंगाला शेवगा लाव. एकदा धरला की फारसं पाणी मागत नाही, शेंगा येतात आणि पाल्याचीही भाजी होते. तो कुणीही, न विचारता तोडावा. मागायला ज्यांना लाज वाटते, त्यांच्यासाठी तेवढं मोकळं हवं.

शेवग्याचे फाटे माझ्याकडे आहेत, मृगाचा पाऊस झाला की पाठवतो. तोवर आवारातल्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी राहतं, ते जुन्या माणसांना विचारून कळव. त्यावरूनच वाफे किती पाडायचे ते ठरवू.

तुझा
मामा