उरलेला भात आणि एक जिवाणू



अन्न वाया घालवू नये, हा संस्कार आपण कोकणातून बरोबर घेऊन आलो. रात्री उरलेला भात सकाळी फोडणीला टाकणे ही आपल्या घरोघरची रीत. ती सोडा, असे आम्ही म्हणत नाही. तो भात रात्रभर कोठे ठेवला होता, एवढेच विचारतो.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंग्लंडमधील चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाऊन गिऱ्हाइकांना ओकाऱ्या झाल्याचे अनेक प्रकार घडले. फ्रिजमध्ये भाताचे गोळे होतात, म्हणून तेथे शिजवलेला भात तासन्‌तास बाहेरच ठेवीत व मागणी आली की घाईने परतून देत. दोषी ठरला ‘बॅसिलस सेरेअस’ नावाचा जिवाणू.

हा जिवाणू मातीत राहतो व तांदळाबरोबर घरात येतो. उकळत्या पाण्यात इतर बहुतेक जिवाणू मरतात. परंतु ह्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातले त्याचे झोपलेले रूप, तग धरून राहतात. भात कोमट झाला की ते जागे होतात, झपाट्याने वाढतात आणि भातात विष तयार करतात. पुन्हा गरम केल्याने जिवाणू मेला तरी ते विष नष्ट होत नाही. वासावरून वा चवीवरूनही ते ओळखता येत नाही.

असा भात खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत मळमळ व ओकारी सुरू होते. बहुतेकांना एका दिवसात बरे वाटते. पण २००८ साली बेल्जियममध्ये पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅघेटी खाऊन एक तरुण दगावला.

दूषित अन्नाचा प्रश्न सर्व जगाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या अंदाजाप्रमाणे त्यामुळे दरवर्षी ६० कोटी लोक आजारी पडतात व ४ लाख २० हजार मरण पावतात. त्यांतील १ लाख २५ हजार पाच वर्षांखालील मुले असतात.

उपाय सोपा आहे. ५ ते ६० अंश सेल्सियस ह्या पट्ट्यात जिवाणू वाढतात. शब्बाथचे जेवण प्लाटावर ६० अंशांहून अधिक गरम राहिले तर भय नाही. प्लाटा बंद झाल्यावर पातेले तसेच पडून राहिले, की धोका सुरू होतो. मोठे पातेले मध्यभागी फार वेळ कोमट राहते. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यांत पातळ थरात काढावा व दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. कडक उन्हाळ्यात एका तासाच्या आत. नारळाच्या दुधाच्या भाताला तर अधिकच जपावे. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच भात काढून वाफाळेपर्यंत गरम करावा.

रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र टाकून द्यावा. नातवंडांच्या ताटात तो वाढण्यापेक्षा तेवढे अन्न वाया गेलेले बरे.