टाळ, झांज आणि नादाचे शोधक

भोर व वेल्हें या भागांत, राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या गांवीं एकादशीच्या रात्रीं भजन बसलें म्हणजे वेशीपाशींच टाळांचा आवाज कानीं पडतो. अभंगाचे शब्द मागाहून कळूं लागतात. परंतु हा टाळ कोणत्या धातूचा आणि तो असा कां वाजतो, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही त्याचा विचार करणार आहों.

उत्तम टाळ कांशाचा असतो. कांसें म्हणजे तांबें व कथील यांचें मिश्रण. नादाच्या कांशांत साधारणपणें चार भाग तांबें व एक भाग कथील असतें. नुसतें तांबें मऊ असल्यामुळें त्याचा नाद लवकर विरतो. कथील मिळविलें कीं धातु कठीण होऊन नाद दीर्घ काळ टिकतो. पण त्याबरोबर ठिसूळपणाहि येतो. थंड असतां ठोकलें तर हें कांसें तडकतें, तापवून लाल केलें तर घणाखालीं वाढतें. पोलाद तापवून पाण्यांत बुडविलें कीं कडक व ठिसूळ होतें. हें कांसें मात्र तसेंच बुडविलें असतां त्याचा ठिसूळपणा कमी होतो. रसायनशास्त्राचीं पुस्तकें निघण्यापूर्वीं कारागिरांनीं हा उलटा नियम अनुभवानें शोधून काढला. कित्येक टाळ मात्र न ठोकतां ओतून व तासून करतात.

अशाच एका शोधकाचें नांव जगभर प्रसिद्ध आहे. कॉन्स्टँटिनोपल येथील अवेदिस हा आर्मेनियन कारागीर हीन धातूचें सोनें करूं पाहत होता. सोनें झालें नाहीं. पण १६१८ च्या सुमारास तांबें व कथील यांचें एक नादमधुर मिश्रण त्याच्या हातीं आलें, असें त्याचें घराणें सांगतें. झांजा करणाऱ्यांचें घराणें या अर्थाचें ‘झिल्जन’ हें नांव त्यास मिळालें. १६२३ पासून चालत आलेला हा धंदा १९२९ मध्यें अमेरिकेंत गेला व तेथें आजहि चालू आहे.

आपल्याकडचें उदाहरण मुंबईस १९५१ मध्यें जन्मलेले तालवादक त्रिलोक गुर्टू यांचें. बेळगांवीं जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू या त्यांच्या मातोश्री. तबल्याचें शिक्षण घेतलेल्या या वादकानें झांज वाजवून ती बादलींतील पाण्यांत बुडविण्याची युक्ति योजिली. झांज पाण्यांत शिरतांच तिच्या कंपनाबरोबर पाण्यासहि हलावें लागतें. भार वाढतो, कंपनें मंदावतात आणि स्वर खालीं घसरतो.

विद्यार्थ्यांनो, हा प्रयोग तुम्हांसहि करतां येईल. टाळ दोरीनें लोंबता धरून हलकेच वाजवा आणि सावकाश पाण्यांत सोडा. नंतर दुसरी परीक्षा करा : वाजत्या टाळाच्या कडेस बोट लावा, नाद तत्काळ थांबेल. मध्यभागीं दोरी असूनहि तो थांबत नाहीं, कारण मध्य जवळजवळ स्थिर असतो व कडा सर्वांत अधिक हलते. दोरीचें छिद्र मध्यभागीं कां, याचें उत्तर येथें आहे. जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनी यानें १७८७ मध्यें पत्र्यावर वाळू पसरून ही स्थिर व चल स्थानें डोळ्यांस दाखविलीं.

या ज्ञानाचा उपयोग घरींहि आहे. टाळाच्या कडेस चीर पडली तर तशीच वाजवूं नये. आघातागणिक ती वाढते. चिरेच्या टोकाशीं बारीक भोंक पाडल्यास तिची वाढ पुष्कळदां थांबते. नवा टाळ घेतांना केवळ किंमत पाहूं नये. दोरीनें धरून तो वाजवावा आणि नाद किती वेळ टिकतो तें ऐकावें. पातळ पत्र्याचे टाळ स्वस्त पडतात, म्हणून कोणी न ऐकतांच ते घेऊं लागला, तर कांशाची पारख असलेल्या कारागिराच्या श्रमास मोल राहणार नाहीं. आणि मोल गेलें कीं विद्याहि जाते. ग्राहकाचा कान हाच कारागिराचा खरा आश्रय होय, हें पालकांनींहि ध्यानांत घ्यावें.

संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत प्रीतिहीन वाणीस झांजेची उपमा दिली आहे. ती उपमा मार्मिक आहे. परंतु स्तोत्रसंहितेच्या अखेरच्या स्तोत्रांत देवाच्या स्तवनासाठीं झांजेसहि बोलावणें आहे. वाद्य तेंच, भेद वाजविणाराच्या अंतःकरणांत. एकटा टाळ मुका असतो. जोडीदार भेटला म्हणजेच तो बोलतो. आमच्या शाळेंतील मुलामुलींनीं एवढें जरी त्यापासून घेतलें, तरी पुष्कळ झालें.