आईंना पन्हाळ्यावर न्याच

प्रश्न : कोल्हापूरचे राजवाडे आणि पन्हाळा एका दिवसात कुटुंबाला दाखवायचा आहे. मुलगा सात वर्षांचा, आईचे गुडघे दुखतात. गड चढणे तिला जमणार नाही, म्हणून तिला घरीच ठेवावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको. पन्हाळ्यावर वस्ती आहे, गाडी थेट वर जाते. कोल्हापूरपासून अंतर साधारण 20 किलोमीटर. सकाळी आधी गडच करा. अंबरखान्याची प्रचंड धान्यकोठारे पाहताना मुलाला 1660 चा सिद्दी जौहरचा वेढा सांगा. महिनोन्‌महिने गड कशाच्या बळावर तग धरून होता, हे त्याला तिथे भिंतीला हात लावून कळेल. सज्जा कोठीला मात्र जिना आहे, आईंनी खालीच थांबावे. तटाच्या कडेला मुलाचा हात सोडू नका. पावसाळ्यात दाट धुके असते, दगडही निसरडे होतात.

दुपारी 1884 साली पूर्ण झालेला न्यू पॅलेस पाहा. तिथल्या संग्रहालयाची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. भवानी मंडप, म्हणजे जुना राजवाडा, अंबाबाईच्या देवळाजवळच आहे, तो संध्याकाळी. देवळात गर्दी असेल किंवा आई थकल्या, तर हा टप्पा पुढच्या खेपेला ठेवा. पन्हाळा मात्र गाळू नका.