खाऱ्या पाण्याआधीची तयारी

मल्लेश्वरम, बेंगळुरू

चि. मृण्मयी,

तुझ्या सेमिनारचा मसुदा दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, संदर्भही जागच्या जागी आहेत. पण तिसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस की सॅमनचं पिल्लू समुद्रात शिरतं आणि मग खाऱ्या पाण्यामुळे त्याचे कल्ले बदलतात. ते वाक्य खोड. सॅमनमध्ये क्रम बरोबर उलटा आहे, आणि या विषयाचं सगळं मर्म त्या क्रमातच आहे.

पिल्लू अजून नदीतच असतं. वसंतात दिवस मोठा होऊ लागतो, अंगावरचे गडद पट्टे फिके होतात, अंग रुपेरी दिसू लागतं. वाढीचं संप्रेरक आणि कॉर्टिसोल वाढतात आणि कल्ल्यांमधल्या क्लोराइड पेशी वाढू लागतात. या पेशींतल्या सोडियम-पोटॅशियम पंपाचे दोन प्रकार असतात, एक गोड्या पाण्यातला आणि दुसरा खाऱ्या पाण्यासाठीचा. हा दुसरा प्रकार गोड्या पाण्यातच तयार होऊ लागतो, मिठाची चवही लागलेली नसताना! नॉर्वेतले मत्स्यसंवर्धक हे जाणून टाक्यांवरचे दिवे सांभाळतात. काही आठवडे दिवस लहान ठेवायचा, मग रात्रंदिवस उजेड द्यायचा, म्हणजे पिल्लं समुद्रासाठी तयार होतात.

ही तयारी टिकतेही थोडेच दिवस. धरणापाशी पिल्लू अडकून पडलं आणि ती मुदत टळली, तर कल्ले पुन्हा नदीच्या सवयीवर येतात. त्यामुळे मासा वाचला की नाही एवढंच मोजून भागत नाही, तो कधी पोचला हेही नोंदवावं लागतं.

आता तुझी आकृती. तू पंप पाण्याच्या बाजूला काढला आहेस. इतकी वर्षं प्राणिशास्त्र शिकवताना हीच आकृती मी किती वह्यांत दुरुस्त केली असेल! पंप असतो पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला. तो सोडियम पेशीतून रक्ताकडे ढकलतो. त्यामुळे पेशीत सोडियम कमी पडतं, ते परत आत शिरताना क्लोराइडला सोबत ओढतं. ते क्लोराइड पाण्याकडच्या वाटेने समुद्रात जातं आणि सोडियम दोन पेशींच्या मधल्या फटीतून त्याच्यामागे निघतं. म्हणजे मीठ बाहेर टाकायचं तर पंप आतल्या बाजूला हवा. हे उलटसुलट वाटतं, म्हणून घोकू नकोस, स्वतः पुन्हा आकृती काढ.

माशाच्या रक्तातले क्षार समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतात. नदीत पाणी अंगात घुसतं आणि मीठ बाहेर जातं, समुद्रात पाणी अंगातून निघून जातं. म्हणून समुद्रातला मासा समुद्राचं पाणी पितो. हे होमर स्मिथने 1930 मध्ये दाखवलं. दोनच वर्षांनी कीज आणि विल्मर यांनी ईलच्या कल्ल्यांतल्या मीठ टाकणाऱ्या पेशी ओळखल्या. आणि पंप सापडला तो स्कोऊला, 1957 मध्ये, खेकड्याच्या पायातल्या नसांमध्ये! त्याला त्याबद्दल 1997 चं नोबेल मिळालं. रत्नागिरीच्या बाजारात कुर्ल्या विकत घेताना हे आठवून बघ.

आता सल्ला. तुला पीएच.डी.साठी नॉर्वेला जायचंय, जरूर जा. पण त्याआधी शिरगावच्या महाविद्यालयात असतानाच जिताड्यावर काम कर. जिताड्याची वाट सॅमनच्या उलट आहे. अंडी समुद्राजवळच्या खाऱ्या पाण्यात, पिल्लं खाडीतून गोड्याकडे, आणि मोठे मासे विणीसाठी परत खाऱ्याकडे. पेण-अलिबागकडचे शेतकरी खाडीतली पिल्लं आणून गोड्या पाण्याच्या तळ्यात वाढवत आले आहेत. चेन्नईच्या खारपाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने 1997 मध्ये जिताड्याचं बंदिस्त प्रजनन यशस्वी केलं, तेव्हापासून बीजही मिळतं. हातात असलेला मासा सोडून परदेशातल्या माशावरचे निबंध गिरवण्यात तुझी दोन वर्षं जाऊ नयेत, एवढंच मला वाटतं.

इथे आमच्या तळ्यांत चिलापी आहे, 1952 मध्ये भारतात आणलेली. ती गोड्या पाण्यातून खाऱ्यात गेली की मग कल्ले बदलते, आणि खारटपणा एकदम वाढवला तर दगावते, पायरीपायरीने वाढवला तर तरते. सॅमन आधीच तयार होतो, चिलापी नंतर. जिताडा या दोघांपैकी कुणासारखा, हा तुझ्या प्रबंधाचा प्रश्न असू दे.

काम करताना मासा मारायची गरज नाही. गुंगीच्या पाण्यात ठेवून कल्ल्याच्या चार-सहा तंतूंची टोकं बारीक कात्रीने घे आणि मासा परत पाण्यात सोड. टोकं लगेच थंड द्रावणात जायला हवीत. ती हातात नीट दिसतात, लालभडक, केसाएवढी. पहिला नमुना क्षारता बदलण्याआधीचा घ्यायला विसरू नकोस, तोच नसेल तर बाकीचे आकडे कशाशी ताडणार?

जिताड्याची पिल्लं जिथून घेशील त्या खाडीच्या मुखाशी, मध्यावर आणि वर, भरती-ओहोटीला क्षारता मोजून पाठव. सुरुवात पावसाआधी कर, कारण पाऊस लागला की तुझ्याकडे मूळ आकडाच उरणार नाही. मीटर नसेल तर कळव, इथून पाठवतो. नवी आकृतीही सोबत धाड.

तुझा,
काका