जखमी माणसाचा दावा

मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या माणसास कायदा काय देतो, हे एका उदाहरणाने पाहू. नोएडात राहणाऱ्या एका सुतारास दिल्लीत अपघात झाला व त्याचा डावा हात कापावा लागला. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्याला दोन्हीपैकी कोणत्याही ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कारण अपघाताचे स्थळ आणि अर्जदाराचे निवासस्थान या दोहोंना कायद्याने मान्यता दिली आहे. 2022 पासून अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत आहे.

चालकाचा दोष सिद्ध न करता गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात. परंतु ते स्वीकारल्यास मोठ्या भरपाईचा दावा संपुष्टात येतो. वाहन पळून गेले व सापडले नाही, तर केवळ पन्नास हजार रुपये मिळतात.

दोषाच्या आधारे केलेल्या दाव्यात औषधोपचाराचा खर्च, बुडालेले उत्पन्न आणि सोसलेल्या वेदना यांचा वेगवेगळा विचार होतो. येथे 2010 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय मार्गदर्शक ठरतो. हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. सुताराची मात्र जवळजवळ सारी कमाईच बुडते. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यातील अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच उत्पन्नाची हानी, असे समजू नये. अर्जदाराने दाखल्याबरोबरच आपण कोणते काम करीत होतो आणि आता त्यातील काय करू शकत नाही, याचाही पुरावा द्यावा.