काउंटर शून्यावर अडवलास, असं ऐकलं

धुळे

चि. बाळू,

अमळनेरच्या लग्नात तुझा मावसभाऊ भेटला. कौतुकानेच सांगत होता, रेप्लिकेशनमधला मेमरीचा काउंटर उणे जायला लागला, तर बाळूने एका ओळीत तो शून्यावर अडवला आणि रात्रीतून बग बंद केला. खरं आहे का हे?

अरे, उणे गेला म्हणजे एकच मेमरी दोनदा वजा झाली, नाहीतर जमेला धरलीच नव्हती. तू फक्त त्याचं ओरडणं थांबवलंस. तू या कामाला लागल्यापासून मीही पोस्टग्रेसचा कोड चाळतो. २०२० च्या १३ व्या आवृत्तीआधी तिथे प्रत्येक ट्रान्झॅक्शनचे ४०९६ बदल मेमरीत राहायचे, मग ते केवढेही असोत. रावेरच्या व्यापाऱ्याने केळीचे घड मोजावेत आणि वजन करूच नये, तसं. टोमास वोंड्रा, दिलीप कुमार, अमित कपिला यांनी वजनाचा हिशोब आणला, ६४ एमबीची मर्यादा घातली. वजा करण्याआधी तेवढी शिल्लक आहे ना, हे तपासणारी ओळही तिथे आहे. एवढं करूनही पुढे आढळलं, की काउंटर मर्यादेत आणि प्रोसेस मात्र कितीतरी जास्त मेमरी अडवून बसलेली. पोस्टग्रेसवाल्यांनी कारण शोधलं, २०२४ मध्ये मेमरीचे ब्लॉक ८ केबीचे केले.

ते शून्य काढ. बदल मेमरीतून सुटतो त्या सगळ्या वाटा बघ. ट्रान्झॅक्शन रद्द होतं ती आधी, मग डिस्कवर उतरवतात ती.

फार बोललो. तुझ्या वयात मलाही पुण्याहून बोलावणं आलं होतं. तुझ्या आजोबांपुढे विषय काढायला धजलो नाही, इथेच राहिलो. म्हणून तुझ्या कामात जरा जास्तच डोकावतो. ताई म्हणते, छळतोस पोराला.

पण ते शून्य, बाळू... साहेबांना ‘अजून सापडलं नाही’ म्हणायची भीती वाटली का? रात्री एकटाच होतास ना? फोन करायचास. मला सगळं कळलं नसतं, पण जागा तरी राहिलो असतो.

जेवतोस ना वेळेवर? आजीचं रोजचं एकच, “पोऱ्या, कव्हय येशी?” भरताची वांगी बाजारात आलीत. शुक्रवारी रात्रीची एसटी पकड. लॅपटॉप आणलास तर माडीवर बसून दोघं शोधू. नाही आणलास तरी ये.

तुझा,
मामा