शंका-समाधान : उतारा गिरणीत पडतो

शंका : भाचा पुण्यात मायक्रोब्रुअरीत कामाला आहे. तो म्हणतो, माल्ट कितीही चांगला असला तरी दळण चुकलं की साखर कमी उतरते. दाणा तोच, मग दळणाने असा काय फरक पडतो?
– एक वाचक, सेलू

समाधान : आपल्या भागात उसाच्या उताऱ्याचं गणित सगळ्यांना कळतं. ऊस नीट पिळला गेला नाही, तर साखर चिपाडासोबत जाते. बीअरचा माल्ट ज्या बार्लीचा करतात, तिचंही तसंच आहे, फक्त तिच्यात साखर तयार नसते, स्टार्च असतो. मोड आणून वाळवलेल्या दाण्यातली अमायलेज नावाची विकरं ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात त्या स्टार्चची साखर करतात. दाणा अख्खा राहिला, तर पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही आणि त्यातला स्टार्च तसाच चोथ्यासोबत टाकला जातो.

मग भाकरीच्या पिठासारखं बारीक दळावं का? तसंही नाही. बार्लीची साल हीच गाळणी असते. तिचा भुगा झाला की भांड्यात चिखल होतो, रस निथरत नाही आणि चवीला तुरटपणा येतो. म्हणून बार्ली दगडी चक्कीत न घालता दोन रुळांमध्ये चेपतात. रुळांमधली फट साधारण १ मिलिमीटर ठेवतात. भरड मुठीत घेऊन पाहावी : अख्खा दाणा एकही नको, गाभा फुटलेला हवा, साल मात्र जवळजवळ सलग. दळण्याआधी माल्टवर पाण्याचा हलका हबका मारला, तर साल चिवट होते आणि कमी फाटते.

शंका : आमचा बचत गट ज्वारीला मोड आणून माल्ट करतो. गावच्या चक्कीवर अगदी बारीक दळूनही लापशी गोड होत नाही. ज्वारी बदलावी का?
– एक वाचक, जिंतूर

समाधान : ज्वारी बदलू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती असो की घरची मालदांडी, दोष बहुधा वाणाचा नसतो. ज्वारीला बार्लीसारखी साल नसते, त्यामुळे बारीक दळण चालतं; फक्त रस कापडाने गाळावा लागतो. माल्ट मात्र कडक वाळलेला हवा, कारण दमट दाणा तापलेल्या चक्कीत गेला की विकरं कमजोर होतात.

खरी अडचण चुलीवर आहे. ज्वारीचा स्टार्च साधारण ७० अंशांच्या वर शिजतो, आणि तेवढ्या उष्णतेत विकरं टिकत नाहीत. म्हणून पीठ ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवून निवळू द्या. वरचं निवळ पाणी काढून बाजूला ठेवा, विकरं त्यातच असतात. खालचा गाळ पाणी घालून उकळा, ६० ते ६५ अंशांपर्यंत निववा, मग ते पाणी परत मिसळून तासभर झाकून ठेवा. शेवटी एक उकळी द्या.

एक काळजी अवश्य घ्या. ज्वारीच्या कोंबांत आणि मुळांत सायनाइड तयार करणारा घटक असतो. वाळल्यावर दाणे चोळून, पाखडून कोंब-मुळं पूर्ण काढा, मगच दळायला न्या.

शंका : ज्वारीची बीअर होते का? घरी करून पाहता येईल?
– एक वाचक, गंगाखेड

समाधान : होते. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथले कारखाने ज्वारी आणि मक्याकडे वळले. साल नसल्याने गाळण्याची वेगळी यंत्रणा आणि बाहेरून विकरं त्यांना वापरावी लागली. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, स्वतःपुरतं केलं तरीही. तेव्हा घरी लापशीवरच थांबा. आणि उतारा कमी आला, तर धान्याला बोल लावण्याआधी दळण मुठीत घेऊन पाहा.